माझा ख्रिसमस अजून तुझ्यावरच

…आणि सगळ्या गावासमोर मलाच म्हणते कशी, "डेकॉन्टी, इथं टाका जाडा पडलाय गं!" टाका जाडा! माझा! तुम्हाला सांगते, एप्रिलपासून मान मोडून बसले होते मी त्या गोधडीवर, एकशे शहाऐंशी तुकडे, सगळे हाताने, मशीनला बोट लावलं नाही, आणि ज्या बाईला स्वतःच्या दारातलं पपईचं झाड दिसत नाही, रोज एकदा त्याच्यावर कपाळ आपटून त्यालाच "माफ करा हं" म्हणते, तिला माझा एक जाडा टाका सापडला! बोट ठेवून दाखवला! मी चष्मा पुसून, वाकून बघितलं, तर… जाऊ दे. होता जाडा. पण तो का जाडा पडला ते ऐकाल ना, तर तुम्हीच म्हणाल, डेकॉन्टी, तिथं तुझा टाका घसरला नसता तर तू बाई नव्हेस, धोंडा!

पण असं मधूनच सांगून कसं चालेल? पहिल्यापासून सांगते.

ओरेथा ही माझी शेजारीण. साठ वर्षांचा शेजार. ती स्वतः ऐंशीची, पण सांगते अठ्ठ्याहत्तर, आणि मी मात्र ऐंशीची आहे असं न विचारता सगळ्यांना सांगते. चाळीस वर्षं तिनं बाजारात लापा विकले. आमच्या बायका कमरेला गुंडाळतात ना, ते दोन वारी कापड, तेच. गज नाही, पट्टी नाही, नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत एक वार, असे दोन वार, आणि काप! कधी चार बोटं कमी नाही की चार बोटं जास्त नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "ओरेथा, घाल की गं दोन बोटं जास्तीची!" तर ही म्हणायची, "घालते, आधी नाक लांब करून घेते." असली बाई! दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिचे डोळे नेले. जीभ नेली नाही.

आणि आमच्याकडची ख्रिसमसची रीत तुम्हाला सांगते. डिसेंबर उजाडला, ती कोरडी धूळ वाहायला लागली, ओठ फुटायला लागले की गावात जो भेटेल तो आधी तोंड उघडायला बघतो. "माझा ख्रिसमस तुझ्यावर!" संपलं! जो आधी म्हणाला तो जिंकला. आता त्याला काहीतरी दिल्याशिवाय तुमची सुटका नाही. न्हावी म्हणतो, पोलीस म्हणतो, पाद्रीबाबासुद्धा चर्चच्या पायरीवर प्रार्थनेचे हात तसेच ठेवून म्हणतात. मी तर डिसेंबरात घरांच्या मागच्या बाजूनं जाते, केळीतून. तरी काय उपयोग? पंचवीस तारखेला कोंबडा आरवायच्या आत माझ्या दारावर काठी वाजते, आणि आवाज येतो: "डेकॉन्टीऽऽ, माझा ख्रिसमस तुझ्यावर!"

बरं, देत नाही का मी? देते! आणि दुकानातलं नाही हो, हातचं. विकत आणलेली वस्तू म्हणजे दुसऱ्याचे कष्ट आपल्या नावावर, असं माझं मत आहे, आणि माझी मतं मी बदलत नाही. एका वर्षी ताडतेलाचा साबण केला, केळीच्या सालींची राख घालून, असा काळाभोर अन् मऊ, की जणू लोणी हातात धरावं. ओरेथानं हुंगला, गालाला लावून बघितला, आणि म्हणाली, "छान आहे. पण माझा ख्रिसमस अजून तुझ्यावरच." म्हटलं, थट्टा असेल. पुढच्या वर्षी ताडाच्या पात्यांचा पंखा विणला, काठाला लाल-काळी नक्षी. "वारा छान येतो. पण माझा ख्रिसमस अजून तुझ्यावरच." मग सावरीच्या कापसाची उशी. मग वेताची परडी, झाकणासकट. मग आल्याच्या वड्या, सुक्या भोपळ्याचा डवला, भाताच्या कणसांचा झाडू… तीस-बत्तीस ख्रिसमस, तुम्हाला सांगते! प्रत्येक वेळी वस्तू घ्यायची, दिवसभर मिरवायची, अन् मला मात्र तेच: "अजून तुझ्यावरच."

आधी नव्हती हो ती अशी. तरुणपणी तिला चिंध्यांची बाहुली दिली तरी रडायची, "बाई गं, माझ्यासाठी केलीस?" म्हणून. हे सगळं लढाईनंतर सुरू झालं. मी म्हणायची, लढाईनं माणसं बदलतात. हिचं समाधान नेलं लढाईनं. आणि मला तिची कीव यायची. कीव! त्याची आता आठवण झाली की तोंड लपवावंसं वाटतं.

तर गेल्या एप्रिलात ओरेथाच्या लेकीचा अमेरिकेहून फोन आला. मिनेसोटा का कुठं असते ती, जिथं म्हणे तोंडातून शब्द बाहेर पडला की गोठतो. "मा एकटी, डोळे नाहीत, मी तिला घेऊन जाणार. सात जानेवारीचं विमान." ओरेथा मला सांगायला आली, ओट्यावर बसली, आणि नुसतीच बसून राहिली. ती गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. म्हटलं, "तुझे शब्द गोठणार तिथं, गावाला तेवढाच आराम." ती हसली. पण मनात मी ठरवलं. हा शेवटचा ख्रिसमस. यंदा मी असं काही करीन, असं काही करीन, की ती बाई सगळ्यांसमोर म्हणेल, "डेकॉन्टी, मिळाला माझा ख्रिसमस." एकदा! मरायच्या आधी एकदा हे कानांनी ऐकायचं, बस्स.

बर्फात जायचंय ना? मग गोधडी!

माझी सून पर्ल, पोरगी चांगली आहे, पण तिला सगळं बाजारात मिळतं. म्हणते, "मा, तुम्ही कशाला डोळे फोडताय? चिनी ब्लँकेट आणू की, वाघाचं चित्र असलेलं, इतकं मऊ असतं!" म्हटलं, "वाघ? आपल्याकडं वाघ कोणी पाहिलाय? तुझ्या बापानं? ती बाई तिकडं परक्या मुलखात, डोळ्यांनी आंधळी, आणि अंगावर तिसऱ्याच मुलखाचा वाघ घेऊन झोपणार?" पर्ल म्हणाली, "मा, त्यांना दिसणार आहे थोडंच, वाघ आहे की काय ते!" तेव्हा मी तिला रागावले. म्हटलं, दिसत नाही म्हणून काहीही खपवायचं का?

मी! मी रागावले! पुढं काय केलं ते ऐका.

गोधडी मला कोणी शिकवली नाही. टेकडीवरच्या मोठ्या घरांतल्या बायका चर्चमध्ये गोल बसून शिवायच्या, मी त्यांचे कपडे धुवायची. म्हटलं, मलाही शिकवा. त्या म्हणाल्या, "हे तुझं काम नव्हे गं." बरं! त्यांतल्या एकीनं जुनी फाटकी गोधडी कुत्र्याला अंथरायला टाकली होती. मी कुत्र्याला उठवलं, गोधडी घरी आणली, धुतली, आणि उसवायला बसले. एकेक टाका. कुठून सुरू केलाय, कुठं वळवलाय, गाठ कुठं लपवलीय. सगळं जग शिवून शिकतं, मी उसवून शिकले! अक्षरंही तशीच शिकले, तांदळाच्या पोत्यांवरची वाचून. आज त्या टेकडीवरच्या बायकांच्या नाती माझ्याकडं येतात, "मा, चांदणीचे कोपरे जुळत नाहीत." जुळवून देते. आधी थोडा वेळ बसवून ठेवते, मग जुळवून देते.

तर चांदणी. मोठी चांदणी, आठ टोकांची, मधोमध एक अष्टकोन. सगळं कापड गावातलं. घरोघर गेले. म्हटलं, ओरेथाकडून घेतलेला कुठला लापा असेल तर कोपरा द्या. आणि लोकांनी काय काय दिलं हो! कुणी बारशाचा, कुणी नवऱ्याच्या मयतीचा, कुणी लढाईत अंगावर होता तो. आमच्याकडं कापडालाही नाव असतं, माणसासारखं. "सासू गेली गावाला." "बोल, पण हळू बोल." "माझा नवरा, माझी डोकेदुखी." असे सगळे तुकडे आले. आठही टोकं झाली. आणि मधला अष्टकोन राहिला. तिथं लाल पाहिजे. असातसा लाल नव्हे, विस्तवासारखा. गावभर फिरले, तसा लाल कुठंच नाही.

एका ठिकाणी होता.

आता हे तुम्हाला म्हणून सांगते, पर्लला सांगू नका.

आम्ही विशी-बाविशीच्या होतो तेव्हा ओरेथानं स्वतःसाठी एक लापा ठेवला होता. लालभडक, आणि त्यावर सगळीकडं डोळे, बदामासारखे काळे डोळे. नाव होतं "शेजारीण बघते". तो नेसून ती माझ्या दारावरून दिवसातून सहा वेळा जायची. विहिरीला तिकडून वाट नव्हती हो! तरी जायची. एक दिवस तो दोरीवर वाळत होता. वारा आला. लापा उडून माझ्या अंगणात पडला. मी काय केलं? उचलला. धूळ झटकली. घडी घातली. घडी घातलेलं कापड बाहेर कसं ठेवणार, म्हणून आत नेलं. आत ठेवायला ट्रंक होती. ट्रंकेला कुलूप होतं. झालं, एवढंच! याला कोणी चोरी म्हणतं का?

ओरेथानं गाव डोक्यावर घेतलं. तीन दिवस शोधलं. कोण होतं तिच्याबरोबर शोधायला? मी! झुडपं हलवून बघत होते, "काय बाई लोक असतात!" म्हणत होते.

आणि एकदा तरी नेसायला मिळावा? चोरीचा लापा नेसायला दुसरं गाव लागतं. माझं सगळं आयुष्य याच गावात. ट्रंक उघडली की ते शंभर डोळे माझ्याकडं बघायचे. बंद करायची. मग लढाई आली. गोळ्यांचा आवाज आला तसं सगळं टाकून पळालो, मी आणि ओरेथा, नदीच्या दिशेनं. मी फक्त ट्रंक उचलली. का? तुम्हीच सांगा, मागं ठेवली आणि कोणी उघडली तर? अर्ध्या वाटेत माझी मान गळाली, तर ओरेथानं ट्रंक माझ्या डोक्यावरून उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. दोन दिवस! स्वतःचाच चोरलेला लापा डोक्यावर घेऊन ती बाई चालत होती, आणि मी मागून "सांभाळून गं" म्हणत होते. होडीत ट्रंक भिजली. पैलतीरावर मी खायला कसाव्याचा पाला शोधायला गेले, परत आले तर हिनं ट्रंक उन्हात वाळवून, कुलूप जागच्या जागी लावून ठेवलेली. म्हटलं, देवा, कसली शेजारीण दिलीस! आपण रिकाम्या पोटी, आणि दुसऱ्याची ट्रंक वाळवत बसलीय!

तर त्या ट्रंकेतला लाल. मी म्हटलं, तिला दिसत तर नाही. आणि मूळचं तिचंच आहे, तिच्याकडंच चाललंय. पण अख्खा लापा कापवेना हो. म्हणून चांगलं कापड कशाला बिघडवा, कोपऱ्यातला तुकडा घेतला. त्या कोपऱ्याला कोळशाच्या इस्त्रीची ठिणगी पडून भोक पडलं होतं, आणि ते ओरेथानं स्वतःच्या हातानं रफू केलं होतं. तिला कापड विकता यायचं, शिवता कधी आलं नाही. ते रफू म्हणजे वाळकी अळीच! तिच्यावर मी पिवळ्या दोऱ्यानं फूल काढलं. अळी झाकली. आणि तो अष्टकोन जोडताना, तुम्हाला सांगते, माझा टाका जो घसरला! त्या तुकड्यावर नेमका एक डोळा आला होता. पूर्ण डोळा. बघत होता.

ख्रिसमसचा दिवस. चर्च सुटलं, सगळी माणसं ओरेथाच्या ओट्यावर, आत टोमॅटो घातलेल्या तिखट जोलॉफ भाताचा वास, आल्याची बियर, अंगणात दर ख्रिसमसला येतो तो बुरख्यातला सोंगाड्या म्हातारा नाचून नाचून भीक मागतोय. पर्लनं आणि मी गोधडी तिच्या मांडीवर पसरली. म्हटलं, "घे. घे तुझा ख्रिसमस."

तिनं हात ठेवले.

आणि मग जे झालं, ते मी ऐंशी वर्षांत पाहिलं नाही. बोटं चालायला लागली. हळूहळू, उंबऱ्यावरून मुंगी चालावी तशी. एका तुकड्यावर थांबली. "हा सियाताचा. 'सासू गेली गावाला.' आठवतं का, सियाता, सासू दुसऱ्याच दिवशी परत आली!" सियाता तोंडाला लापाचं टोक लावून हसायला लागली. पुढचा तुकडा. "हा जेबेच्या बाळाचा. मऊ पडलाय. पाठीला बांधून बांधून मऊ पडलाय… तो आता केवढा झाला?" पुढचा. "हा… हा थॉमसच्या मयतीचा. याचा रंग पाण्यात जातो म्हणून मी सांगितलं होतं, तरी त्याच्या बायकोनं धुतलाच." तुकडा तुकडा ओळखत होती ती! कापडाचा पोत, काठ, किती धुतलंय, उन्हात वाळलंय की चुलीवर, कोणाच्या कमरेला किती वर्षं होतं! अंगणातला नाचणारा म्हातारा बुरखा वर करून बघत उभा राहिला. अहो, आम्ही सगळे डोळस तिथं, आणि आमचं अख्खं गाव वाचलं कोणी, तर तिनं! मी नुसत्या चिंध्या जोडल्या होत्या, गोधडी तर ती करत होती. त्या क्षणी मी गर्व विसरले. तुम्हाला सांगते, मी! गर्व!

आणि मग लक्षात आलं, बोटं आतल्या बाजूला सरकतायत.

एक टोक… दुसरं टोक… अष्टकोनाचा काठ… देवा! मी म्हटलं, "भात थंड होतोय!" कोणी ऐकेना. बोट फुलावर आलं. फुलाच्या खाली गेलं. थांबलं. त्या अळीवर गोल गोल फिरलं. एकदा. दोनदा. मला वाटलं, संपलं. साठ वर्षांचा शेजार, या वयात, सगळ्यांसमोर, आणि हीच आठवण घेऊन ती जाणार.

ओरेथानं तोंड वर केलं. अगदी नेमकं माझ्याकडं. आणि म्हणाली, "डेकॉन्टी, इथं टाका जाडा पडलाय गं."

सगळे खो खो हसले! "अगं बाई, डेकॉन्टी मा पकडली गेली!" पर्लसुद्धा हसली. आणि मी? आयुष्यात माझ्या टाक्याला कोणी नाव ठेवलं तर मी त्याच्या सात पिढ्या काढते, पण त्या दिवशी तो अपमान मी असा घेतला, जसा तहानेल्यानं पाण्याचा तांब्या घ्यावा.

माणसं भाताकडं गेली. आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "ओरेथा…"

"गप. लापा कोणी नेला ते माहीत नव्हतं मला. कुठं होता ते कळलं नदीच्या पलीकडं. कुलूप भिजून आपोआप सुटलं होतं बये, सगळे कपडे दगडांवर वाळत घातले मी. वाळवले, घड्या केल्या, परत भरले."

"आणि तू उचललीस पुन्हा ट्रंक? डोक्यावर?"

"तुझी मान दुखत होती ना."

म्हटलं, "मग बोलली का नाहीस सटवे? तीस-बत्तीस वर्षं!"

"बोलत नव्हते? दर वर्षी तुझ्या दारात काठी आपटून बोलत होते! माझा ख्रिसमस तुझ्यावर, माझा ख्रिसमस तुझ्यावर! तू मला साबण देत होतीस!"

मी उठले. घरी गेले, ट्रंक उघडली, लापा आणला, तिच्या हातात ठेवला. डोळ्यांना धार लागली होती, पण बघणारं कोणी नव्हतं. लापावरचे डोळे सोडून. म्हटलं, "घे बाई. आता म्हण. एकदा म्हण, मिळाला म्हणून. सात तारखेला तू जाशील."

तिनं कापड नाकाशी धरलं. हुंगलं. डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, तरी डोळे मिटून असं हुंगलं, की मी तिकडं बघू शकले नाही. मग उभी राहिली. नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हातापर्यंत, एक वार. परत नाकापासून… हात थांबला. कापड आधीच संपलं होतं. रिकाम्या बोटांत तिनं हवा चिमटीत धरली.

"चार बोटं कमी आहे."

"अगं, ती गोधडीत आहेत! तुझ्याच मांडीवर!"

"ते मला ठाऊक नाही. माझा लापा दोन वारी होता." तिनं घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली, वर हात थोपटला. "तुझ्याकडंच ठेव. कोपरा जोडून पुरा कर. मी परत येईन तेव्हा मोजून घेईन. तोवर, डेकॉन्टी, माझा ख्रिसमस अजून तुझ्यावरच."

गेली सात तारखेला. गोधडी विमानात पेटीत टाकू दिली नाही म्हणे, खांद्यावर घेऊन बसली. परवा तिकडून फोन आला. कशी आहेस नाही, काय नाही, पहिलाच प्रश्न, "कोपरा जोडलास?" म्हटलं, "तसा लाल मिळत नाहीये." तर म्हणते, "शोध मग. घाई नाही. मी शंभर वर्षं जगणार आहे."

आता बोला! ती येऊन नाकापासून मोजेपर्यंत मला कुठं जाता येतंय का? ऐंशीव्या वर्षी, चष्मा कपाळावर, विस्तवासारखा लाल हुडकत बाजार पालथा घालतेय मी. तरुणपणी एका लापाची चोरी केली, तर म्हातारपणी मरायचीही चोरी!